बालवर्गात पावसाळ्याचे हाताचे उद्योग: बेंदराचे बैल वाळेनात, बिया कुजतात, काय करावं?

फुलेवाडी_बालवर्ग:

नमस्कार. कोल्हापूरच्या फुलेवाडीत छोटा बालवर्ग चालवते. मुलं २२, वय तीन ते साडेपाच, सोबत एक मदतनीस मावशी. खोली बारा बाय सोळा, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. जूनपासून भिंतीला ओल धरते ती नवरात्रापर्यंत. व्हरांडा आहे, पण झडीचं पाणी थेट आत येतं.

जून ते दिवाळी मुलांनी हाताने करायच्या गोष्टी ठरवायच्या आहेत. तयार कापलेल्या आकारावर टिकल्या चिकटवायच्या नाहीत. ते काम शेवटी मोठ्यांचंच होतं. ऋतूत जे मिळतं त्यातूनच करायचंय आणि खर्च महिन्याला पाचशेच्या आत बसवायचाय. अडतं ते असं:

आषाढातल्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, प्रत्येक मुलाने आपला बैल करावा अशी इच्छा आहे. पण वाळताना शिंगं गळतात, पाय तडकतात आणि आठवडा झाला तरी पोट ओलंच राहतं. शाडू घ्यावी, शेतातली काळी माती घ्यावी की कुंभाराकडची? २२ मुलांना किती लागेल?

कापसावर मूग, हरभरा लावला की चौथ्या दिवशी वास मारतो आणि बुळबुळीत होतो.

पानांचे ठसे उमटतच नाहीत, नुसता रंगाचा डाग पडतो.

कृपया प्रमाणासकट सांगा.

गंगावेस_मातीकाम:

ताई, आधी मातीचं बघू. शेतातली काळी माती घेऊच नका. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की तितकीच आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच गुणामुळं, आणि बैलाच्या पोटाला पडतात त्याही त्याच. शाडू बारीक असते, हाताला मऊ लागते, पण वाळल्यावर ठिसूळ होते. कुंभाराकडची मळलेली चिकणमाती सगळ्यात चांगली. पण घेताना ‘लीद न घातलेली द्या’ म्हणून आवर्जून सांगा, कारण भांड्यांच्या मातीत लीद किंवा राख मिसळायची रीत आहे आणि लहान मुलांचे हात तोंडात जातात. बेंदराच्या आधीचे पंधरा दिवस कुंभार गल्लीत सगळे बैलांच्या गडबडीत असतात, म्हणून माती ज्येष्ठातच सांगून ठेवा.

एका मुलाला दीडशे ते दोनशे ग्रॅम, म्हणजे मोठ्या लिंबाच्या दुप्पट गोळा. २२ मुलांना साडेचार किलो आणि वर एक किलो जास्तीची, कारण एखादं मूल तिन्ही वेळा मोडून परत करतं आणि ते त्याला करू द्यावं. शाडूची पावडर आणलीत तर किलोला साधारण साडेतीनशे मिली पाणी जातं, पण सगळं एकदम ओतू नका. घमेल्यात पावडरीला आळं करून थोडं थोडं घाला, मळा, ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत मळा. रात्रभर मुरली नाही तर आत कोरडे कण राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. माती जमली का ते बघायला बोटाएवढी वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. लगेच चिरली तर पाणी कमी आहे. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त झालंय.

आता शिंगं का गळतात ते. मुलं पोट वेगळं करतात, चार पाय वेगळे, शिंगं वेगळी, आणि मग नुसती दाबून लावतात. बारीक शिंग दुपारपर्यंत वाळतं आणि आकसतं, जाड पोट अजून ओलंच असतं. दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसले की सांधा सुटणारच. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांकडून जोडकाम करून घेऊच नका. एकाच गोळ्याचा लांबट बटाटा करायचा, खालून चिमटीने चार पाय ओढायचे, एका टोकाला मान वर उचलायची आणि डोक्यातूनच दोन शिंगं चिमटून काढायची. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड ठेवा. वशिंड मात्र प्रत्येकाने स्वतः काढावं, त्याच्याशिवाय बैल बैल दिसत नाही. पाच वर्षांच्या मुलांना जोडायचंच असेल तर दोन्ही बाजू खराट्याच्या काडीने ओरखडा, मध्ये दह्याइतकी पातळ केलेली तीच माती लावा आणि दाबून बोटाने सांधा पुसून टाका.

पायात आधाराला काड्या घालायची सवय दिसते खूप ठिकाणी. तिथंच तडकतं. माती आकसते, काडी आकसत नाही, मग माती तिच्याभोवती फाटते.

पोट ओलं राहतं ते जाडीमुळं. बैल आकाराला आला की उलटा धरून पोटाखालून अंगठ्याने खळगा करा, दोन सेंटीमीटर आत गेला तरी पुरे. पहिले दोन दिवस वर्तमानपत्राने झाकून सावलीत, पंख्यापासून लांब ठेवायचे. तिसऱ्या दिवशी उघडायचे, आडवे करायचे, खालची रद्दी रोज बदलायची, म्हणजे ओल कागद ओढून घेतो. फळीवर ठेवण्यापेक्षा जाळीवर ठेवलेले लवकर वाळतात. आपल्याकडच्या आषाढात सात-आठ दिवस धराच, म्हणजे बेंदराच्या दहा-बारा दिवस आधी करायला बसा. वाळला का ते बघायला बैल गालाला लावा, गार लागला तर आत अजून पाणी आहे. वाळल्याशिवाय रंग दिलात तर पापुद्रे सुटतात.

बालशिक्षण_सांगली:

वरच्या सगळ्याला दुजोरा. एकच भर घालते. तडे जाऊ नयेत म्हणून मातीत कागदाचा लगदा घाला असं बरेच जण सुचवतात. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात मात्र हळू वाळणाऱ्या मातीत लगदा आंबतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास येतो आणि पांढरी-हिरवी बुरशी धरते. त्याऐवजी किलोला एक चिमूट कापूस सुटा करून मळताना घाला. धागे मातीला धरून ठेवतात आणि आंबतही नाहीत. कापूस जास्त झाला तर मात्र बैल केसाळ दिसतो.

मातीइतकीच महत्त्वाची बैठक. २२ मुलं एकदम मातीला बसवू नका. एका वेळी सहा, त्याहून जास्त नकोत. बाकीची मावशींकडे ठोकळे, बाहुल्या, चित्रांची पुस्तकं यात. तीन वर्षांचं मूल दहा-बारा मिनिटं हात घालतं आणि उठतं, उठू द्यावं. पाच वर्षांचं अर्धा तास बसतं. म्हणून गट वयाने सरसकट न पाडता प्रत्येक टेबलावर दोन मोठी मुलं ठेवा, लहानगी त्यांच्या हाताकडं बघून शिकतात. तुम्ही स्वतः नमुन्याचा बैल करून मध्ये ठेवू नका. ठेवलात की सगळ्यांचे हात थांबतात आणि ‘टीचर, तुम्हीच करा’ सुरू होतं. दाखवायचाच तर खरा बैल दाखवा. फुलेवाडीच्या पुढं रस्त्याला बैल दिसतातच. किती पाय, शिंगं कुठून निघतात, शेपूट कुठं, एवढं आदल्या दिवशी बघून यावं.

खाली प्लास्टिक अंथरू नका, माती चिकटते आणि मूल उचलायला गेलं की पाय तुटतात. प्लायवूडचे तुकडे किंवा ताणून बसवलेलं गोणपाट चांगलं. हात धुवायला दोन बादल्या: पहिलीत माती जाते, दुसरीत हात स्वच्छ होतात. बेसिनला नेऊ नका, पाइप तुंबतो. पहिल्या बादलीतलं पाणी रात्रभर निवलं की वरचं झाडांना घाला आणि खालचा गाळ परत मातीच्या गोळ्यात मिसळा.

रंगाला गेरू आणि पांढऱ्या खडूची पूड पुरते. एक चमचा फेविकॉल, चार चमचे पाणी, त्यात दोन चमचे गेरू. ब्रश जाड घ्या. बारीक ब्रश या वयाला धरता येत नाही आणि वाळलेलं शिंग त्याच्या टोकाने मोडतं.

राधानगरी_शाळा:

कापसाचं कारण सोपं आहे. मुलं प्रेमाने रोज पाणी ओततात, कापूस ते सगळं धरून ठेवतो, बीला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. पावसाळी हवेत वरचं पाणी उडतही नाही. कापूस सोडा, करवंटी घ्या. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो डोळा असलेली अर्धी करवंटी निवडून खिळ्याने तो उघडा, पाणी निघायला भोक तयार. निम्मी माती, निम्मी वाळू भरा. मूग रात्रभर भिजवा. मुलाने नखाएवढं बोट मातीत खुपसायचं, त्या भोकात दोन मूग, वर चिमूटभर माती. पाणी ओतायला भांडं देऊ नका, बाटलीच्या झाकणाला सुईने सहा-सात भोकं पाडून द्या. एका मुलाला दिवसाला एक झाकण. तीन-चार दिवसांत मूग वर येतो. गव्हाला एखादा दिवस जास्त लागतो.

मोठ्या मुलांसाठी तीन करवंट्या जास्तीच्या करा: एक कपाटात अंधारात, एक पाण्याविना, एक पाण्याने तुडुंब. कपाटातलं रोप जास्त उंच आणि पिवळं निघतं. ‘जास्त वाढलं म्हणजे चांगलं’ असं मुलं म्हणतात, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

दोन गोष्टी नक्की पाळा. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-निळं बी वर्गात आणायचं नाही, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. घरातलंच धान्य घ्या. आणि भात पेरायचं असेल तर सालासकट भात आणा. गिरणीतून कांडून आलेल्या तांदळाचा कोंब गेलेला असतो, तो उगवत नाही. रोपलावणीच्या दिवसांत आमच्या भागात भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, कुणाही शेतकऱ्याकडं मागितला तर मिळतो. एक मूठ रोपं आणि चिखलाचं घमेलं, एवढ्यावर मुलं रोप लावायला शिकतात. रोपं दोन-दोन, तीन-तीन घेऊन लावायची, त्यात मोजणी आपोआप होते.

हरभरा आणि वाटाणा तीन वर्षांच्या मुलांच्या हाती देऊ नका. ते नाकात जातात आणि ओलीने फुगतात, मग काढायला डॉक्टरच लागतात. सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळकांड्यातून जी वस्तू आत जाते ती या वयाला लहान समजायची. मुगाचं काम म्हणूनच एका वेळी दोन-तीन मुलांना, मोठ्या माणसाच्या शेजारी.

पानं गोळा करायला गेलात तर हेही लक्षात असू द्या. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. कण्हेर, धोतरा विषारी. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला सुंदर म्हणून माळेला घेतल्या जातात, दोन्ही घातक आहेत, वर्गात नकोतच. गाजर गवताने अंगाला खाज सुटते. पिंपळ, आपटा, जांभूळ, पेरू, साग ही निर्धोक पानं.

ठशाचं: पान आदल्या दिवशी वहीत दाबून ठेवायचं, ओलं पान रंग झटकतं. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, शिरा तिकडंच उठावदार असतात. वाटीत बुडवलं की डागच पडणार. चपट्या स्पंजावर घट्ट रंग पसरा, पान त्यावर टेकवा, मग कागदावर ठेवून वर दुसरा कागद घालून मुठीने दाबा. रंग दह्यासारखा हवा, ताकासारखा झाला की शिरा बुडतात. भेंडीचे ठसेही यातच बसतात. कापलेली भेंडी अर्धा तास उघडी ठेवा म्हणजे तार सुकते.

आणि सागाचा कोवळा कोंब जरूर द्या मुलांना. दोन तळव्यांत चोळला की हात लालभडक होतात. हिरव्या पानातून लाल निघालेलं बघून सगळी गप्प होतात, मग एकदम सगळ्यांना कोंब हवा असतो. तोच हात कागदावर उमटवायचा, वेगळा रंग लागतच नाही.

फुलेवाडी_बालवर्ग:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. काही मुलं चिखलाला हातच लावत नाहीत, त्यांचं काय? आणि पालक रोज विचारतात, ‘आज काय करून आणलं?’ मुलाने केलेला बैल बैलासारखा दिसत नाही, आणि मावशी हळूच तो नीट करून देतात.

बालशिक्षण_सांगली:

हात न लावणाऱ्याला ढकलू नका. त्याला आधी लाटणं, प्लास्टिकचा सुरा, खराट्याची काडी द्या, मातीला स्पर्श हत्याराने होऊ दे. शेजारी पाण्याची वाटी आणि कोरडं फडकं ठेवा. हात पुसता येईल एवढी खात्री झाली की बहुतेक मुलं एका बोटापासून सुरुवात करतात. कुणाला ओली माती नकोच असेल तर कोरडी शाडू चाळणीने चाळायचं काम द्या. तेही काम खरंच आहे, वर्गाला लागणारंच आहे.

मावशींना मात्र आजच प्रेमाने सांगा: मुलाच्या वस्तूला आपला हात लावायचा नाही. त्यांच्या हाताला काम द्या. मूल बैलाबद्दल जे बोलतं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. ‘याला तीन पाय आहेत, एक दुमडून बसलाय.’ ती चिठ्ठी बैलाबरोबर घरी गेली की पालकांना दिसतं मुलाने काय बघितलं, काय मोजलं. फोटो पाठवायचाच तर बैल करणाऱ्या हातांचा पाठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बालवाडीचं काम उभं केलं ते परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यावरच. विकतची साधनं नसताना तिथली मुलं शिकली. पालकसभेत हे सांगायला हरकत नाही.

बेंदूर झाल्यावर आणखी एक करा. पालकांना आधी विचारून ठेवा, कारण पूजेचा बैल बऱ्याच घरी ठेवतात किंवा विसर्जन करतात. म्हणून वर्गातल्या जास्तीच्या मातीचे, रंग न दिलेले दोन बैल बाजूला ठेवायचे: एक खडखडीत वाळलेला आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळून ओलाच राखलेला. दोन पारदर्शक डब्यांत पाणी घेऊन दोन्ही एकदम सोडा. आधी मुलांना विचारा, कुठला आधी विरघळेल. बहुतेक ओल्याकडं बोट दाखवतात. होतं उलटं. वाळलेल्या बैलाच्या अंगातून बुडबुडे निघतात, पाणी आत शिरतं, शिंगं पहिल्यांदा जातात आणि थोड्या वेळात पोटही ढासळतं. ओला बैल कितीतरी वेळ तसाच उभा राहतो, कारण त्याच्या आत आधीच पाणी भरलेलं असतं. खाली बसलेली माती गोणपाटावर ओतून परत मळता येते, गणपतीत तीच वापरा.

शाहूपुरी_आजोबा:

पावसाचं एक सुचवतो. आपल्या पोरांच्या कानावर जुलैभर ‘राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर’, म्हणजे पंचगंगेच्या पुराची पातळी, हेच असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे मोठ्यांना पाठ आहे. मग वर्गात पावसाचं माप ठेवायला काय हरकत? सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या. निमुळता भाग सुरू होतो तिथं कापा आणि तोच वरचा भाग उलटा करून आत बसवा, झालं नरसाळं. काठाला चिकटपट्टी लावा, बोट कापायला नको. बुडाला खोलगट वळ्या असतात म्हणून खाली खडे घालून, वळ्या बुडेपर्यंत पाणी ओतून तिथं शून्याची रेघ मारा. पुढं दर सेंटीमीटरला एक रेघ. नरसाळ्याचं तोंड बाटलीच्याच रुंदीचं असल्यामुळं एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, सरळ हिशेब.

बाटली उघड्यावर ठेवा, पागोळ्यांखाली नको. भोवती चार विटा लावा, वाऱ्याने पडते. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एका मुलाने बघायचं. आकडे येत नसले तरी चालतं. पाण्याच्या उंचीएवढी निळ्या कागदाची पट्टी कापायची आणि भिंतीवर काल लावलेल्या पट्टीच्या शेजारी चिकटवायची. आठवड्यात पोरं स्वतःच सांगतात, ‘मंगळवारी लई पडला.’ नंतर बाटली शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करायची. शनिवारी मात्र पूर्ण ओतून पालथी घालायची, साठल्या पाण्यात डास होतात. तुमच्या भिंतीला ओल आहे, तर पट्ट्या भिंतीला न लावता दोरीवर चिमट्याने अडकवा.

बालशिक्षण_सांगली:

आजोबांची पट्टी फार चांगली आहे, गणित हाताला लागतं.

सप्टेंबरनंतर दोन गोष्टी. गोकर्णाची फुलं भरपूर असतात तेव्हा आठ-दहा फुलं पेलाभर गरम पाण्यात, गरम पाणी तुम्हीच हाताळा. निळं पाणी गाळून थंड झाल्यावर मुलांना ड्रॉपरने लिंबाचा रस घालू द्या, जांभळं होतं. दुसऱ्या पेल्यात खाण्याचा सोडा घातला की हिरवट. हळदीचंही असंच: एक चमचा हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून जाड कागदाला फासा, सावलीत वाळवा. मग सोड्याच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून चित्र काढायचं, लाल उमटतं. लिंबू फिरवलं की परत पिवळं. सोड्याऐवजी चुना वापरू नका, डोळ्याला वाईट. आणि त्या दिवशी जुना शर्ट घालून पाठवा म्हणून आदल्या दिवशी कळवा, हळदीचा डाग निघत नाही.

राधानगरी_शाळा:

दिवाळीच्या किल्ल्याला वर्गात जागा नसेल तर मोठ्या परातीत करा. विटांचे तुकडे रचून वर पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका, मुलांनी वरून ओली माती थापायची. उतारावर हळीव पेरा. भिजवलं की ते चिकट होतं आणि घसरत नाही. सुट्टी लागायच्या सहा दिवस आधी पेरलंत तर शेवटच्या दिवशी हिरवं दिसतं. मोहरीही चालते, पण ती उतारावरून ओघळते. पाणी झाकणाच्या भोकांतूनच, तांब्याने घातलं की माती वाहून विटा उघड्या पडतात.